इसार देण्यापूर्वी पाया पाहावा

वऱ्हाडातील जुन्या गावांत जमिनीची ओळख दोन शब्दांत सांगितली जाई : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. वस्ती बहुधा उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होईल अशा जागी असे आणि काळी जमीन कपाशी-ज्वारीसाठी राखली जाई. लाकडी खांबांवर उभी असलेली, मातीच्या भिंतींची व धाब्याच्या छताची ती घरे थोडीफार हलली, तरी सारवण-लिंपणाने दरवर्षी सावरून घेता येत. गेल्या अर्धशतकात हे चित्र पालटले. अमरावती येथे १९८३ मध्ये व अकोला येथे २००१ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०१६ मध्ये अकोला शहराची हद्द वाढून भोवतालची गावे शहरात आली. शहरालगतच्या शेतांत ले-आऊट पडले आणि जेथे कपाशी उभी असे तेथे सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली. वस्ती पांढरी सोडून काळीवर आली.

या बदलाचा सर्वांत मोठा भार पडतो तो पहिले घर घेणाऱ्या कुटुंबावर. शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक किंवा लहान व्यापारी आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम, घरातील दागिने आणि पंधरा-वीस वर्षे फेडावयाचे कर्ज अशी सारी पुंजी तो त्या एका व्यवहारात गुंतवितो. सात-बाराचा उतारा तो वकिलाला दाखवितो, दिशा जाणकाराकडून पाहून घेतो, मुहूर्तही काढतो. ज्या पायावर ते घर उभे आहे तो पाया मात्र तो कोणालाही दाखवीत नाही. काळ्या मातीच्या या मुलखात हीच चूक सर्वांत महाग पडते.

काळ्या मातीचा स्वभाव

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली ही काळी माती, म्हणजेच रेगूर, कापसाला मानवते ती पाणी धरून ठेवण्याच्या गुणामुळे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा शेतात हात आत जाईल अशा भेगा पडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिल्या आहेत. मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटतात. शेतात जे घडते तेच घराखालीही घडते; फरक इतकाच की शेतात त्या हालचालीवर भिंती उभ्या नसतात.

ही हालचाल सर्वत्र सारखी झाली असती तर घर सबंध वर-खाली झाले असते आणि फारसे बिघडले नसते. परंतु घराच्या कडेची माती उन्हाने आधी वाळते, तर मध्यभागाखालची माती छपराच्या आडोशामुळे ओलसर राहते. त्यामुळे उन्हाळ्यात कोपरे खचतात व मधला भाग तसाच राहतो. पावसाळ्याच्या आरंभी कडा फुगून वर येतात. पाया असा दोन्हीकडून पिळला गेला की वरच्या भिंतीला तडा जातो.

हा दोष असाध्य मुळीच नाही. काळी माती उथळ असेल तर ती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत पाया नेता येतो. माती खोल असेल तेथे निराळा मार्ग आहे. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट विकसित केले. त्यांना अंडर-रीम्ड पाइल असे म्हणतात आणि त्यांच्या बांधणीचे भारतीय मानक उपलब्ध आहे. ऋतुमानानुसार ओलाव्यात होणारा बदल खोल काळ्या मातीत साधारणतः साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून हे खुंट किमान तितके खोल नेले जातात. त्यांच्यावरील आडवी तुळई व जमीन यांच्यामध्ये थोडी पोकळी ठेवली जाते, म्हणजे फुगणारी माती तुळईला वर ढकलू शकत नाही. यास्तव घर काळ्या मातीवर आहे की नाही हे विचारून भागत नाही. त्या मातीचा विचार करून पाया घातला आहे की नाही, हे विचारावे लागते.

खारपाणपट्ट्याची दुसरी अडचण

अमरावती शहराच्या आसमंतात पोहरा-मालखेडच्या टेकड्यांच्या बाजूस माती उथळ व मुरूम जवळ आढळतो. पश्चिमेस भातकुली, दर्यापूरकडे जावे तशी माती खोल होत जाते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील भूजल खारे आहे. गाळाचा थर इतका जाड आहे की अनेक ठिकाणी पायासाठी मुरूम हाती लागत नाही.

खारे पाणी पिण्यास अयोग्य असते हे सर्वांस ठाऊक आहे. ते बांधकामासही घातक असते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. पाण्यातील क्लोराइड काँक्रीटमधील लोखंडास गंज चढविते, तर सल्फेट सिमेंटला आतून पोखरते. भारतीय मानकानुसार लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून आणि सल्फेटचे प्रमाण ४०० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. बांधकामाच्या वेळी टँकरने गोडे पाणी आणले की जवळच्या बोअरचे पाणी वापरले, यावर त्या घराचे आयुष्य अवलंबून असते. विकणाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारावा आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. खर्च थोडा असतो; उत्तरातून मात्र पुष्कळ काही कळते.

कायदा काय म्हणतो

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ नुसार, उलट करार नसल्यास, विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष घेणाऱ्यास सांगितला पाहिजे. परंतु याच कलमात एक अट आहे : तो दोष घेणाऱ्यास ठाऊक नसलेला आणि सामान्य दक्षतेने त्याच्या लक्षात येऊ न शकणारा असावयास हवा. याचा अर्थ असा, की उघड्या डोळ्यांनी दिसणारी भेग ज्याने पाहिली नाही, त्याला मागाहून तक्रार करणे अवघड जाते. कायद्याने दक्षतेचा वाटा घेणाऱ्याच्या पदरात टाकला आहे.

नव्या गृहप्रकल्पातील सदनिकांची स्थिती काहीशी निराळी आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेचा किंवा कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत, जादा आकार न घेता दुरुस्त करावयाचा असतो. परंतु ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसलेल्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि एका मालकाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घरासाठी विकासक उभाच नसतो. वऱ्हाडातील शहरांत स्वतंत्र घरांचे व लहान इमारतींचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

बँकेचा मूल्यांकनकार घर पाहून जातो, म्हणून घराची तपासणी झाली असा अनेकांचा समज असतो. हा समज बरोबर नाही. कर्ज बुडाल्यास बँकेची रक्कम त्या मालमत्तेतून वसूल होईल किंवा नाही, एवढेच त्यास पाहावयाचे असते. पुढील तीस वर्षे त्या घरात कुटुंब निर्धास्त राहू शकेल काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. तो प्रश्न घेणाऱ्यानेच उपस्थित करावयाचा असतो.

तपासणी कोणी करावी

अमेरिकेत घर घेण्यापूर्वी निरीक्षकाकडून त्याची तपासणी करून घेण्याची प्रथा रूढ आहे. तेथील गृहनिरीक्षकांची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. कोलोरॅडो राज्यात तर फुगणाऱ्या मातीचा उपद्रव ओळखून १९८४ मध्ये असा कायदा करण्यात आला, की नवे घर बांधून विकणाऱ्याने व्यवहार पुरा होण्यापूर्वी किमान चौदा दिवस आधी मातीच्या परीक्षणाचा सारांश घेणाऱ्याच्या हाती द्यावा. आपल्याकडे गृहनिरीक्षक असा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय नाही. परंतु त्याचे काम करू शकणारी माणसे आहेत. महानगरपालिकेकडे नोंद असलेले संरचना अभियंते, स्थापत्य शाखेचे अनुभवी पदवीधर आणि सार्वजनिक बांधकामाच्या सेवेतून निवृत्त झालेले अभियंते अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत मिळू शकतात.

अभियंत्याची निवड करताना दोन पथ्ये पाळावीत. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचविलेला अभियंता घेऊ नये. दुसरे असे, की तोंडी अभिप्रायावर समाधान न मानता लेखी अहवाल घ्यावा. त्यात दोष, त्याचे संभाव्य कारण, दुरुस्तीचा उपाय व अंदाजे खर्च यांचा उल्लेख असावा. घराच्या किमतीच्या मानाने या कामाचे शुल्क अल्प असते. इमारत बहुमजली किंवा जुनी असल्यास काँक्रीटचा कठीणपणा अजमावणारा रिबाउंड हॅमर व सळयांवरील आवरणाची जाडी मोजणारे उपकरण यांचाही उपयोग करून घेता येतो. बांधून तीस वर्षे झालेल्या इमारतीच्या संरचनेची तपासणी करून घेणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार आवश्यक आहे. अशा इमारतीत घर घेताना त्या तपासणीचा दाखला मागावा.

भेगांची भाषा

अभियंत्यास बोलाविण्यापूर्वी प्राथमिक पाहणी कोणासही करता येते. त्यासाठी ओळंबा, पाणसळ, मोजपट्टी, विजेरी व एक लहान हातोडी एवढे साहित्य पुरते.

प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा गिलावा लवकर वाळल्यामुळे पडतात. कॉलम व विटांची भिंत जेथे मिळतात तेथील उभी रेघ दोन निराळ्या पदार्थांच्या सांध्याची असते. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगत खाली दिसणारी आडवी भेग बहुधा उन्हाने स्लॅब तापून प्रसरण पावल्यामुळे पडलेली असते. तिने पाणी आत शिरते, परंतु पायाशी तिचा संबंध नसतो.

दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या निघून पायऱ्यांसारख्या विटांच्या सांध्यांतून जाणाऱ्या भेगा मात्र पायाच्या हालचालीची खूण होत. तशीच भेग भिंतीच्या दुसऱ्या अंगासही त्याच जागी असेल तर ती केवळ गिलाव्याची नाही, विटांतून आरपार गेलेली आहे. भेग वरच्या बाजूस रुंद असेल तर भिंतीची टोके खचली आहेत किंवा मधला भाग वर उचलला गेला आहे, असा निष्कर्ष निघतो. खालच्या बाजूस रुंद असेल तर मधला भाग खचलेला किंवा टोके वर आलेली असतात. रुपयाच्या नाण्याची कड शिरेल इतकी भेग रुंद असेल, तर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून पुढे जाऊ नये.

भेग जुनी व स्थिर आहे की अजून वाढत आहे, हे पाहण्यासाठी अभियंते तिच्यावर काचेची पातळ पट्टी गिलाव्याने चिकटवितात. हालचाल चालू असल्यास पट्टी तडकते. भेगेच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. भारतीय मानक संस्थेने इमारतींतील भेगांची कारणे व उपाय यांवर १९८४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती, यावरून या विषयाचे महत्त्व लक्षात यावे.

दरवाजे घट्ट बसत असतील तर केवळ लाकूड फुगले म्हणून ते सोडून देऊ नये. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजपट्टीने मोजावेत. ते असमान असतील तर चौकट वाकडी झालेली आहे, आणि चौकट नव्या घरातही वाकडी बसविलेली नसेल तर ती भिंतीबरोबर हललेली असते. फरशीवर काचेची गोटी ठेवून ती कोणत्या दिशेने घरंगळते हे पाहावे. न्हाणीघरात व गच्चीवर उतार हवाच. झोपण्याच्या खोलीत तो का आला, हे विचारावे.

पाणी, झाडे आणि जोते

काळ्या मातीवरील घराचा खरा शत्रू पाण्याचा चढउतार होय. म्हणून घराभोवती एक फेरी सावकाश मारावी. जोत्याच्या सभोवती फरसबंदी आहे काय आणि तिचा उतार घरापासून बाहेर जातो काय, ते पाहावे. गच्चीच्या नळाचे पाणी पायाशी पडत असेल, न्हाणीघराचे सांडपाणी परसातच मुरत असेल किंवा सेप्टिक टँक भिंतीला लागून असेल, तर तेवढ्याच भागातील माती वर्षभर फुगलेली राहते आणि घराचा एक कोपरा बाकीच्या घराशी जुळत नाही. झाडांचेही तसेच. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांवाटे मातीतील ओलावा खेचून घेते. पूर्ण वाढलेल्या झाडाची जितकी उंची, साधारण तितके अंतर घर व झाड यांच्यात असावे, असा ठोकताळा आहे. मात्र जुने झाड एकाएकी तोडणेही हितावह नाही; वाळलेली माती पुन्हा ओलावा घेऊन फुगू लागते.

लोणा, ओल आणि गंज

जोत्याच्या वर हातभर उंचीपर्यंत भिंतीवर पांढरी पूड दिसत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर लोणा लागला आहे असे समजावे. जमिनीतील क्षारयुक्त पाणी विटांतून वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जोत्यावर ओलरोधक थर घातलेला नसल्यास किंवा तो तुटल्यास असे घडते. खारपाणपट्ट्यात हा दोष वरवरच्या रंगाने कधीही जात नाही.

कॉलम व तुळया यांच्यावर सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग आणि तिच्याभोवती तांबूस डाग हे आतील लोखंड गंजल्याचे लक्षण आहे. गंजाने लोखंडाचा आकार वाढतो व तो बाहेरचे काँक्रीट फोडतो. हातोडीने हलके ठोकून पाहावे; पोकळ आवाज आल्यास काँक्रीट सुटलेले असते. कॉलममध्ये सळईवर साधारणतः ४० मिलिमीटर व पायात ५० मिलिमीटर आवरण ठेवण्याचे मानक आहे. गच्चीवरील पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब, सज्जाच्या खालची बाजू आणि न्हाणीघराच्या खालचे छत या तीन जागा विजेरीने अवश्य पाहाव्यात. वीजजोडणीत गळतीरोधक खटका व अर्थिंग आहे की नाही, हेही तपासून घ्यावे. उन्हाळ्यात काळी माती आकसून अर्थिंगपासून सुटते, म्हणून ते कोरड्या ऋतूत मोजलेले बरे.

कोणत्या ऋतूत पाहावे

काळ्या मातीवरचे घर वर्षातून दोनदा खरे बोलते : मेच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात भेगा उघडतात. पावसाळ्यात त्या मिटतात, परंतु तेव्हा गळती व ओल दिसते. शक्य असल्यास दोन्ही वेळा घर पाहावे. ते शक्य नसेल तर ज्या ऋतूत पाहिले त्याने काय झाकले असेल, याचा विचार करावा आणि शेजाऱ्यांना विचारावे. शेजाऱ्याच्या भिंतीवरील भेग विक्रेत्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वसनीय असते, कारण माती दोघांचीही एकच असते. विक्रीपूर्वी नुकतीच रंगरंगोटी केलेले घर विशेष बारकाईने पाहावे. अहवाल हाती येईपर्यंत भिंतीपुढे लावलेली कपाटे व पडदे दूर करण्याची विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

पुराचाही विचार आवश्यक आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात अकोला शहरात अतिवृष्टी होऊन मोर्णा नदीकाठच्या व नाल्यांकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. ज्या नद्यांच्या पूररेषा आखलेल्या आहेत, तेथे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर दाखविलेली असते. घर यांपैकी कोणत्या पट्ट्यात येते, हे नगररचना विभागात पाहता येते.

कागद आणि घर यांचा मेळ

कागदपत्रांची तपासणी वकिलाने करावयाची असते. परंतु कागदावरचे घर आणि जमिनीवरचे घर एकच आहे काय, हे अभियंताच सांगू शकतो. मंजूर नकाशा घेऊन घर मोजावे. मागून चढविलेला मजला, बुजविलेला सज्जा किंवा मोकळ्या जागेत वाढविलेली खोली आढळल्यास ती मंजूर आहे काय आणि मूळ पाया तिच्या भारासाठी बांधला होता काय, असे दोन प्रश्न उद्भवतात. एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर दुसरा मजला चढविणे काळ्या मातीत विशेष धोक्याचे असते.

शहरात आखीव पत्रिका पाहावी. जमीन नझूलची असल्यास भाडेपट्ट्याची मुदत व अटी तपासाव्यात. ले-आऊट अकृषिक व मंजूर आहे, की गुंठेवारीतील आहे, हे पाहावे; गुंठेवारीतील भूखंड २००१ च्या अधिनियमाखाली नियमित झाला असल्यास त्याचे प्रमाणपत्र मागावे. भोगवटा प्रमाणपत्र असल्याची खात्री करावी. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असून मालकीचा पुरावा नव्हे, हे खरेदी करणाऱ्यांना वारंवार सांगण्याची गरज आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची मोजणी झाली, तेथे मिळकतपत्रिका व सनद पाहता येते.

अहवालानंतर

तपासणीत दोष निघाला म्हणजे व्यवहार मोडलाच पाहिजे, असे नाही. निर्दोष जुने घर विरळाच. अहवालामुळे दोषाची किंमत कळते. जोत्याभोवती फरसबंदी करणे, सांडपाणी दूर नेणे, गच्चीची गळती थांबविणे ही कामे आवाक्यातील असतात. त्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. लोणा व गंज यांची दुरुस्ती खर्चिक असते. पाया हलत असेल तर तो सावरण्याचा खर्च घेणाऱ्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो आणि अशा वेळी ते घर सोडून देणेच शहाणपणाचे ठरते.

परंतु घर सोडून देण्याचे स्वातंत्र्य इसार दिल्यानंतर उरत नाही. इसारचिठ्ठी झाली, हजारो रुपये दिले, की मन व्यवहार पुरा करण्याकडेच ओढ घेते. म्हणून तपासणी इसारापूर्वी व्हावी. विक्रेता घाई करीत असेल तर किमान इसारचिठ्ठीत असे कलम घालावे, की ठरावीक दिवसांत अभियंत्याची तपासणी होईल आणि तीत संरचनेचा गंभीर दोष निघाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल. ज्या विक्रेत्यास आपल्या घराची खात्री आहे, त्यास हे कलम मान्य करण्यात अडचण येऊ नये.

शाळा आणि पंचायत काय करू शकतील

हे ज्ञान गावोगाव पोहोचविण्याचे काम शिक्षक सहज करू शकतात. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग करता येतो. गावातील माती पूर्ण वाळवून, बारीक चाळून तिचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन भाग करावेत. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांपैकी एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल घेऊन त्यांत ती माती टाकावी, ढवळून हवा काढून टाकावी आणि २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही; पाण्यात फुगते. रॉकेलमधील माती १० मिलिलिटर व पाण्यातील १६ मिलिलिटर भरल्यास फुगवट्याचा निर्देशांक ६० टक्के झाला. या प्रयोगाचे भारतीय मानक १९७७ चे आहे. निर्देशांक ५० टक्क्यांहून अधिक आल्यास त्या मातीवर विशेष पायावाचून घर बांधू नये किंवा घेऊ नये, हे मुलेही घरी जाऊन सांगतील. अंतिम निर्णयासाठी अर्थातच अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील चाचणी हवी.

ग्रामपंचायतींकडे गावठाणातील बांधकामास परवानगी देण्याचे काम १९५८ च्या अधिनियमातील कलम ५२ ने सोपविलेले आहे. परवानगी देताना माती किती खोल आहे, मुरूम कोठे लागला, बांधकामास कोणते पाणी वापरणार, या तीन गोष्टींची नोंद पंचायतीने ठेवली, तर काही वर्षांत गावाच्या जमिनीचा एक उपयुक्त दप्तर-नकाशा तयार होईल. विहीर वा बोअर खोदताना लागलेल्या थरांची माहिती गावातील जाणत्यांकडे असतेच. ती कागदावर उतरविण्याचा अवकाश आहे. शहरात नगरसेवक व अधिकारी यांनी मंजूर ले-आऊटची यादी व पूररेषेचे नकाशे सर्वांस दिसतील अशा जागी लावले, तर पुष्कळ कुटुंबे फसगतीपासून वाचतील.

काळ्या मातीने वऱ्हाडाला कापूस दिला, बाजारपेठा दिल्या, समृद्धी दिली. तिचा स्वभाव बदलता येत नाही. तो ओळखून वागता येते. पूर्वजांनी वस्तीसाठी पांढरी निवडली ती याच ओळखीने. आज काळीवर राहणे अपरिहार्य झाले असेल, तर ती ओळख अभियंत्याच्या लेखी अहवालातून, खरेदीखतावर सही होण्यापूर्वी आणि इसार हातावेगळा होण्यापूर्वी, घर घेणाऱ्याच्या हाती आली पाहिजे.